भरता येईल असा दर

५ कोटी एपीआय कॉलना १२ हजार डॉलर. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडून माहिती मागण्याचं दार, आणि अशी प्रत्येक मागणी म्हणजे एक कॉल. ३१ मे २०२३ रोजी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरचा मजकूर फोनवर दाखवणाऱ्या ‘अपोलो’ या अ‍ॅपचा निर्माता ख्रिश्चन सेलिग याने रेडिटकडून कळलेला हा दर जाहीर केला, तेव्हा मी हातातलं काम बाजूला सारून कॅल्क्युलेटर उघडला. दर हजार कॉलना २४ सेंट. अपोलोचे आदल्या महिन्याचे कॉल होते ७०० कोटी. म्हणजे महिन्याचं बिल जवळपास १७ लाख डॉलर आणि वर्षाचं २ कोटी. हे बिल कुणाच्या नावावर? जवळजवळ एकट्याने अ‍ॅप बनवणाऱ्या, चालवणाऱ्या एका तरुणाच्या.

माझं पोट एपीआयवर चालतं. एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरला जोडून देणं हे माझं रोजचं काम. टोकन, म्हणजे आत शिरायची तात्पुरती किल्ली, कधी संपतं, किती कॉलनंतर समोरून ४२९, म्हणजे ‘फार कॉल झाले, थांबा’ हा संदेश येतो, एका वेळी किती नोंदी मिळतात, जुन्या नोंदींकडे मागे मागे कसं जायचं, यातच माझा दिवस जातो. त्यामुळे सोशल मीडिया कंपन्यांनी बाहेरच्या डेव्हलपरांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली, ही माझ्यासाठी लांबची बातमी नव्हती. तेव्हापासून मनात साचलेलं आज लिहून काढते आहे.

पहिली गोष्ट स्पष्ट करते. पैसे मागण्यात काहीच गैर नाही. सर्व्हर फुकट चालत नाहीत. बाहेरच्या अ‍ॅपमधून वाचणाऱ्या माणसाला कंपनीच्या जाहिराती दिसत नाहीत, म्हणजे खर्च होतो आणि उत्पन्न बुडतं. सेलिग स्वतःही पैसे द्यायला तयार होता, त्याने ते अनेकदा सांगितलं. ‘सगळं फुकट हवं म्हणून ही मंडळी ओरडतायत’ असं त्या उन्हाळ्यात बरेच जण म्हणाले, त्यांनी आकडे पाहिलेच नव्हते. आकडे पाहिले की चित्र बदलतं.

अपोलोचा सरासरी वापरकर्ता दिवसाला ३४४ कॉल करायचा. महिन्याचे झाले सुमारे १० हजार, म्हणजे नव्या दराने अडीच डॉलर. एका माणसामागे महिन्याला अडीच डॉलर फार वाटत नाहीत, पण त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. रेडिटला एका वापरकर्त्यामागे जाहिरातींतून महिन्याला किती मिळत असावेत याचा सेलिगने हिशेब मांडला होता. रेडिटच्या बाजूने सढळ हाताने धरूनही तो सुमारे १२ सेंट निघाला. हा त्याचा अंदाज आहे, कंपनीचा अधिकृत आकडा नव्हे. तो दुप्पट-तिप्पट धरला तरी बुडालेलं उत्पन्न आणि मागितलेला दर यांत मोठी दरी राहतेच. आणखी एक तुलना त्यानेच दिली होती. फोटो साठवणाऱ्या ‘इमगर’ला तो तेवढ्याच ५ कोटी कॉलसाठी १६६ डॉलर मोजत होता.

अ‍ॅप वापरकर्त्यांपैकी बहुतेक फुकट वापरणारे असतात. पैसे भरणाऱ्या थोड्यांच्या जिवावर बाकीचे चालतात. प्रत्येक डोक्यामागे अडीच डॉलर लागू झाले की ही रचना एका दिवसात कोसळते. हे अ‍ॅप बनवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि दर ठरवणाऱ्यांना ठाऊक नसेल यावर माझा विश्वास बसत नाही.

आता मला सर्वांत जास्त खटकलेल्या गोष्टीकडे येते. तिच्याबद्दल फार कमी बोललं गेलं.

एप्रिल २०२३ मध्ये रेडिटने एपीआयसाठी पैसे आकारण्याचा इरादा जाहीर केला, तेव्हा पुढे केलेलं मुख्य कारण होतं एआय. मोठ्या कंपन्या आमच्याकडचा मजकूर उपसून आपली मॉडेलं शिकवतात, आम्हाला काही मिळत नाही, हे चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य होतं. २०१९ च्या ‘जीपीटी-२’ या भाषा-मॉडेलसाठी ओपनएआयने जो मजकूर गोळा केला, तो रेडिटवर किमान ३ ‘कर्मा’, म्हणजे वाचकांच्या मतांचे गुण, मिळालेल्या लिंका धरून. रेडिटवरच्या माणसांनी कोणतं पान वाचण्याजोगं ठरवलं, यावरच ती निवड उभी होती. ८० लाखांच्या आसपास पानं, ४० जीबी मजकूर. लोकांच्या पारखीची किंमत कुणीतरी मागावी, हे मला पटतं.

पण मग मीटर कशावर लावला? कॉलवर. आणि कॉलवरचा मीटर कुणाला झोंबतो, ते कोडच्या बाजूने बघा. मॉडेल शिकवणाऱ्याला प्रत्येक नोंद एकदाच हवी असते. रेडिटच्या एपीआयमध्ये एका कॉलला १०० नोंदी मागता येतात. ५ कोटी कॉल गुणिले १००, म्हणजे ५०० कोटी नोंदी, आणि त्यांचे कागदावर होतात १२ हजार डॉलर. एखाद्या एआय कंपनीच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे काहीच नाही. उलट वाचणारा माणूस बघा. तो सकाळी तोच धागा उघडतो, दुपारी पुन्हा उघडतो, नवीन उत्तरं आली का म्हणून खाली ओढतो, एक मत देतो, एक उत्तर लिहितो, इनबॉक्स बघतो. त्याची प्रत्येक हालचाल एक कॉल. त्याच त्या मजकुरासाठी तो शंभरदा दार वाजवतो, कारण तो तिथे राहतो. कॉलवर दर लावला की उपसणारा स्वस्तात सुटतो आणि राहणारा महागात पडतो.

उपसणाऱ्याला या दराने परवानगी मिळत नव्हती, हे खरं आहे. मॉडेल शिकवायला डेटा वापरायचा तर वेगळी स्पष्ट परवानगी हवी, अशी अट रेडिटने घातलीच होती. पण मग प्रश्न आणखी सरळ होतो. एआय कंपन्यांना करार अडवत असेल, तर दर हजारी २४ सेंटचा मीटर नेमका कुणासाठी होता?

पुढचा घटनाक्रम या प्रश्नाला धरूनच गेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलशी करार झाला. तो वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा असल्याच्या बातम्या आल्या. त्याच महिन्यात शेअर बाजारात उतरण्यासाठी सादर केलेल्या कागदपत्रांत रेडिटने डेटा परवान्यांच्या करारांची एकूण रक्कम २० कोटी ३० लाख डॉलर दाखवली, मुदत दोन ते तीन वर्षं. मार्चमध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली आणि मे महिन्यात ओपनएआयशीही करार झाला. म्हणजे मोठ्या कंपन्यांशी टेबलावर बसून बोलणी झाली, रक्कम ठरली, सह्या झाल्या. वाचण्याची अ‍ॅप्स बनवणाऱ्यांच्या हाती फक्त दरपत्रक आलं.

आणि दरपत्रकासोबत तारीख. मला तर दराहूनही ती तारीख जास्त लागते.

३१ मे रोजी दर कळला आणि १ जुलैपासून मीटर सुरू होणार होता. मधे ३० दिवस. सेलिगच्या म्हणण्याप्रमाणे त्याच वर्षीच्या जानेवारीत त्याला रेडिटकडून सांगितलं गेलं होतं की एपीआयमध्ये नजीकच्या काळात बदल करायचा विचार नाही. अपोलोचे सुमारे ५० हजार वार्षिक वर्गणीदार होते. त्यांनी वर्षाचे पैसे आधीच भरले होते, तेही जुन्या खर्चाच्या हिशेबाने. त्यांना पुढचे महिने चालवून द्यायचे तर दर महिन्याला तोटा, आणि बंद करायचं तर परतावा. सेलिगने परताव्याची रक्कम अंदाजे अडीच लाख डॉलर सांगितली होती. ८ जूनला त्याने जाहीर केलं की ३० जूनला अपोलो बंद होईल. ‘रेडिट इज फन’, ‘सिंक’, ‘बेकनरीडर’ही त्याच सुमाराला बंद झाली.

रेडिटच्या बाजूने एक मुद्दा मांडला गेला. अपोलो इतरांपेक्षा जास्त कॉल करतो, त्याने काटकसर करावी. ठीक, धरू. पण काटकसर कशी होते, ते मला रोजच्या कामातून माहीत आहे. आधी कुठला कॉल किती वेळा होतो ते मोजावं लागतं. मग साठवून ठेवण्याजोगं काय, ताजंच हवं असं काय, हे वेगळं काढायचं. वाचलेल्या-न वाचलेल्या सूचना दर काही सेकंदांनी विचारण्याऐवजी समोरून कळवण्याची सोय आहे का ते बघायचं. नसेल, आणि बऱ्याचदा नसतेच, तर वेळ वाढवायची. मग वापरकर्ते तक्रार करतात की सूचना उशिरा येतात. दुरुस्ती झाली की चाचणी, मग अ‍ॅप स्टोअरची तपासणी, मग लोक अपडेट करेपर्यंत वाट. जुनी आवृत्ती फोनवर ठेवणारे महिनोन्‌महिने जुन्याच पद्धतीने कॉल करत राहतात, आणि आता त्यांचंही बिल तुमच्याच नावावर. वर्गणीची किंमत बदलायची तर जुन्या वर्गणीदारांना कळवणं आलं, त्यांची संमती आली. हे ३० दिवसांत होत नाही. कष्टाळू माणसालाही नाही, हुशार माणसालाही नाही.

मुदत देता येते याचा दाखला याच धंद्यात आहे, आणि तो फेसबुकचा आहे. फेसबुकने ३० एप्रिल २०१४ ला ग्राफ एपीआयची दुसरी आवृत्ती आणली. तिच्यात वापरकर्त्याच्या मित्रांच्या माहितीपर्यंत पोचण्याचा रस्ता बंद केला होता. लोकांच्या खाजगीपणासाठी तो बंद व्हायलाच हवा होता. त्या रस्त्याने आधी किती माहिती वाहून गेली, ते २०१८ मध्ये राजकीय सल्ला देणाऱ्या केंब्रिज अ‍ॅनालिटिकाच्या प्रकरणात जगाने पाहिलं. फेसबुकच्याच सांगण्यानुसार ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती. तरीही आधीपासूनच्या अ‍ॅप्सना नव्या नियमांवर यायला फेसबुकने ३० एप्रिल २०१५ पर्यंत वेळ दिला. पूर्ण एक वर्ष. त्या प्रकरणात तो वेळ जास्तच झाला असं मी म्हणेन, कारण तिथे लोकांची खाजगी माहिती धोक्यात होती. पण ज्या मजकुराला कुलूपच नाही, जो कुणीही ब्राउझरमध्ये उघडून वाचू शकतो, त्याचा दर लावायला ३० दिवसांपलीकडे थांबता आलं नाही?

ट्विटरने तर तेवढेही दिले नाहीत. १२ जानेवारी २०२३ च्या रात्री ‘ट्वीटबॉट’ आणि ‘ट्विटरिफिक’ ही बाहेरच्यांनी बनवलेली ट्विटरची अ‍ॅप्स चालेनाशी झाली. डेव्हलपरांना काही कळवलं नव्हतं. ते आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसले असणार. मी तरी तेच केलं असतं. आठवड्याभराने नियमांत एक वाक्य घुसवलं गेलं की ट्विटरला पर्याय ठरेल असं किंवा त्यासारखं काही बनवता येणार नाही. आधी बंद केलं, नियम नंतर लिहिला. फेब्रुवारीत मोफत एपीआय आठवड्याभरात बंद होणार अशी घोषणा आली. ती लांबत लांबत मार्चअखेर दर लागले. मोफत टप्प्यात तेव्हा महिन्याला १,५०० पोस्ट लिहिता येत, वाचता जवळजवळ काहीच येत नसे. १०० डॉलरच्या टप्प्यात महिन्याला १० हजार ट्वीट वाचता येत. आणि मोठ्या वापराचा टप्पा होता महिन्याला ४२ हजार डॉलरपासून पुढे. मे महिन्यात मधे ५ हजार डॉलरचा एक टप्पा टाकला गेला, पण तोवर १०० आणि ४२ हजार यांच्यामध्ये पायरीच नव्हती.

ट्विटरिफिक बनवणारी ‘आयकॉनफॅक्टरी’ ही काही परकी मंडळी नव्हती. २००७ मध्ये त्यांचं अ‍ॅप आलं तेव्हा ट्विटरचं स्वतःचं अ‍ॅपच नव्हतं. पक्ष्याचं चित्र आधी त्यांनी वापरलं, पोस्टला ‘ट्वीट’ म्हणणंही त्यांच्या अ‍ॅपमधून रुळलं. स्क्रीन खाली ओढली की ताजं दिसतं, ही आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक फोनवर होणारी क्रिया लॉरेन ब्रिक्टर या एका डेव्हलपरने ‘ट्वीटी’ या ट्विटर वाचण्याच्या आपल्या अ‍ॅपसाठी शोधली होती. २०१० मध्ये ट्विटरने ट्वीटीच विकत घेतलं आणि तेच अधिकृत अ‍ॅप केलं. रेडिटचंही तसंच. २००५ मध्ये सुरू झालेल्या रेडिटचं स्वतःचं आजचं मोबाइल अ‍ॅप आलं २०१६ मध्ये. त्याआधी फोनवर रेडिट वाचायचं म्हणजे बहुतेकदा बाहेरच्या कुणीतरी बनवलेलं अ‍ॅप हवं. त्यांतलं ‘एलियन ब्लू’ रेडिटने २०१४ मध्ये विकत घेतलं.

या वादात भाडेकरूची उपमा नेहमी दिली जाते. जागा मालकाची, भाडं वाढवणं त्याचा हक्क, परवडत नसेल तर खोली सोडा. मला ती अपुरी वाटते. या भाडेकरूंनी भिंती बांधल्या होत्या, खिडक्या बसवल्या होत्या, आणि मालकाने त्या बघून स्वतःच्या खोलीत तशाच बसवून घेतल्या होत्या. आणि खऱ्या भाडेकरूलासुद्धा कायदा नोटिशीची मुदत देतो. एपीआयच्या करारात बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की आम्ही केव्हाही, कोणत्याही कारणाने, पूर्वसूचनेशिवाय हे बंद करू शकतो. असं कलम नसलेला करार माझ्या टेबलावर क्वचितच येतो.

माझा एक सहकारी अंध आहे. तो माझ्याहून वेगाने कोड वाचतो, खरं तर ऐकतो. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचणाऱ्या स्क्रीन रीडरचा वेग इतका ठेवलेला असतो की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. एका मोठ्या सोशल मीडिया कंपनीचं अधिकृत अ‍ॅप त्याच्या फोनवर कसं ‘दिसतं’ ते त्याने मला एकदा ऐकवलं. बटन. बटन. प्रतिमा. बटन. बटनांना नावच दिलेलं नाही, त्यामुळे मत द्यायचं कोणतं आणि तक्रार करायची कोणतं, ते कळायला मार्ग नाही. याच कंपनीसाठी बाहेरच्या डेव्हलपरने बनवलेल्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक बटनाला नाव होतं. उत्तरं कितव्या पातळीवरची आहेत तेही सांगितलं जायचं. अंधांसाठी म्हणून ते अ‍ॅप बनलेलं नव्हतं. एका माणसाने पत्र लिहून विचारलं आणि डेव्हलपरने आठवड्याभरात करून दिलं, इतकंच. मोठ्या कंपनीत हीच मागणी रांगेत शेकडो मागण्यांच्या मागे उभी राहते.

म्हणून २०२३ च्या त्या उन्हाळ्यात रेडिटवरच्या अंध वापरकर्त्यांच्या समुदायाने जे सांगितलं, ते मी फार लक्षपूर्वक वाचलं. त्यांच्यातल्या काहींना अधिकृत अ‍ॅपमधून समुदायाची देखरेखच करता येत नव्हती, म्हणजे मॉडरेटर असून हात बांधलेले. ओरड झाल्यावर रेडिटने ‘रेडरीडर’, ‘डिस्टोपिया’, ‘लुना’ या अ‍ॅप्सना दरातून सूट दिली. सूट मिळाली हे चांगलंच झालं. पण अट होती की अ‍ॅप बिगर-व्यावसायिक हवं. म्हणजे ज्या सोयी कंपनीने आपल्या अ‍ॅपमध्ये द्यायला हव्या होत्या, त्या कुणीतरी स्वतःच्या वेळात, पैसे न घेता द्यायच्या. आणि ही सूट कोणाला द्यायची, किती दिवस ठेवायची, हे सगळं देणाऱ्याच्या मर्जीवर. सवलत आणि हक्क यांत हाच फरक, आणि अंध माणसाला तो रोज जाणवतो.

नव्या दरांविरुद्ध झालेल्या निदर्शनांबद्दल थोडक्यात. १२ जूनपासून रेडिटवरच्या ८ हजारांहून अधिक समुदायांनी दारं बंद केली. इतके समुदाय एकदम खाजगी झाल्याने पहिल्याच दिवशी रेडिटची साइट काही काळ कोलमडली. पुढे मॉडरेटरांना बजावण्यात आलं की समुदाय उघडले नाहीत तर तुमच्या जागी दुसरे येतील. हे मॉडरेटर बिनपगारी. निर्णय काही बदलला नाही. ‘नार्व्हाल’ आणि ‘रिले’सारखी मोजकी अ‍ॅप्स मासिक वर्गणी लावून टिकली. ती टिकली याचा अर्थ दर योग्य होता असा काही जण काढतात. मला दिसतं ते असं की ज्यांचा पसारा लहान होता आणि ज्यांना थोडा जास्त वेळ मिळाला, ते वर्गणीच्या साच्यात शिरू शकले.

दराने अ‍ॅप्सच गेली असं नाही. त्यांच्याबद्दल निदान बातम्या आल्या. संशोधकांचं काय झालं त्याची चर्चा फार थोडी झाली. ट्विटरने विद्यापीठांतल्या अभ्यासकांसाठी असलेला मोफत मार्ग बंद केला. रेडिटचा जुना मजकूर अभ्यासकांना शोधून देणारं ‘पुशशिफ्ट’ मे २०२३ मध्ये तोडलं गेलं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर काय पसरतंय ते पत्रकारांना दाखवणारं ‘क्राउडटँगल’ मेटाने १४ ऑगस्ट २०२४ ला बंद केलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांचे ट्वीट शोधून पत्ते जुळवणारे स्वयंसेवक डेव्हलपर त्याच आठवड्यात विनवत होते की निदान आत्ता तरी एपीआय बंद करू नका. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक वाहतूक खात्याने एप्रिलमध्ये ट्विटरवर गाड्यांच्या सूचना देणं थांबवलं. महिन्याला ५० हजार डॉलर लागतील असं त्यांना कळलं होतं. त्यानंतर ट्विटरने सरकारी आणि सार्वजनिक सूचनांसाठी एपीआय मोफत ठेवल्याचं जाहीर केलं. ट्विटरवर छळ सहन करणाऱ्यांना शिवीगाळ गाळून देणारं ‘ब्लॉक पार्टी’ मात्र मे महिन्यात थांबलं.

माझंही एक छोटं साधन यात गेलं. कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. लोकांनी ‘सेव्ह’ करून ठेवलेल्या पोस्ट साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरवून द्यायचं ते, एवढंच. माणसं वर्षानुवर्षं काय काय जपून ठेवतात! आजारपणात कुणी अनोळखी माणसाने दिलेला सल्ला, एखादी पाककृती, अडलेल्या कोडचं उत्तर. आपणच जपलेलं आपल्याकडे असावं, इतकी साधी गरज. नव्या दराने ते फुकट देणं मला शक्य नव्हतं आणि कुणाकडून पैसे घ्यावेत असं ते नव्हतंच. मी ते बंद केलं आणि वापरणाऱ्यांना कंपनीकडून स्वतःची माहिती मागवण्याचा अधिकृत फॉर्म कुठे आहे ते कळवलं. अनेकांना तो असतो हेच माहीत नव्हतं.

एपीआय महाग केल्याने उपसणं तरी थांबलं का? १ जुलै २०२३, रेडिटचा मीटर सुरू झाला तोच दिवस. त्याच दिवशी इलॉन मस्कने ट्विटरवर सगळ्यांनाच वाचनाची मर्यादा घातली. पडताळणी नसलेल्या खात्याला दिवसाला ६०० पोस्ट, पडताळणी असलेल्याला ६ हजार. कारण सांगितलं की मोठ्या प्रमाणावर डेटा खरवडला जातोय. मला यात आश्चर्य वाटलं नाही. एपीआय हा नोंदवून, नावानिशी, मर्यादेत आत येण्याचा रस्ता आहे. त्या रस्त्यावर कोण किती नेतंय ते दिसतं, जास्त झालं तर थांबवता येतं. तो परवडेनासा केला की प्रामाणिक माणूस घरी जातो आणि ज्याला न्यायचंच आहे तो ब्राउझरचा मुखवटा घालून येतो. त्याचा सर्व्हरवर पडणारा भार उलट जास्तच, कारण नेमक्या नोंदीऐवजी तो अख्खं पान ओढतो.

‘मग मास्टोडॉनवर जा’ असं मला सांगितलं जातं. मास्टोडॉन म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं, ट्विटरसारखंच जाळं. ट्वीटबॉटवाल्यांनी तेच केलं, त्याच जानेवारीत मास्टोडॉनसाठी ‘आयव्हरी’ आणलं. २०१८ पासून डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं अधिकृत मानक असलेलं ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ त्यामागे आहे, त्यामुळे एका सर्व्हरने दार लावलं तरी बाकीचे चालू राहतात. ब्लूस्काय या दुसऱ्या पर्यायानेही आपला प्रोटोकॉल खुला ठेवला आहे. मला दोन्ही आवडतात, दोन्हींवर मी आहे. पण तिथेही सर्व्हरचं बिल कुणीतरी भरतंच. बहुतेकदा देणग्यांवर, नाहीतर स्वतःच्या खिशातून. आणि दहा-पंधरा वर्षांची उत्तरं, वाद, आठवणी जिथे साठल्या आहेत ती जागा सोडा, असं सांगणं सोपं असलं तरी तो ठेवा माणसांबरोबर जात नाही. तो आधीच्याच कंपनीकडे राहतो, आणि तिथून करारावर विकला जातो.

युरोपात यातल्या एका भागाला कायद्याने हात घातला आहे. डिजिटल सर्व्हिसेस अ‍ॅक्टच्या ४० व्या कलमाने फार मोठ्या मंचांवर संशोधकांना डेटा देण्याचं बंधन टाकलं. जुलै २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सविरुद्ध (म्हणजे पूर्वीच्या ट्विटरविरुद्ध) जे प्राथमिक निष्कर्ष मांडले, त्यांत संशोधकांना डेटा मिळत नाही हा एक ठपका होता. अ‍ॅप बनवणाऱ्यांसाठी, अंध वापरकर्त्यांसाठी असलं काही बंधन मला त्या कलमात दिसत नाही. ते हवं.

अलीकडे कुठल्याही नव्या एपीआयवर काम सुरू करण्याआधी मी दरपत्रक नंतर बघते. आधी करारातलं मुदतीचं कलम शोधते, किती दिवसांची सूचना देणार ते वाचते आणि ग्राहकाला लेखी कळवते की या कलमाप्रमाणे तुमचं हे काम उद्या बंद पडू शकतं, आधीचं साठवून ठेवण्याचे पैसे वेगळे धरा. काही ग्राहक काम रद्द करतात. करू देत.

आणि कंपन्यांचे डेव्हलपर सर्वेक्षणाचे फॉर्म येतात, त्यांच्या शेवटच्या रिकाम्या चौकटीत मी दर वेळी तेच लिहिते. दर बदलायचा तर किमान वर्षभर आधी सांगा. वाचणाऱ्या माणसाचा कॉल आणि साठा उपसणाऱ्याचा कॉल एकाच मीटरवर मोजू नका. वाचणाऱ्यासाठी त्याच्याकडूनच वर्गणी घ्या आणि त्याला हवं ते अ‍ॅप वापरू द्या. स्क्रीन रीडरवाल्यांसाठी बनलेल्या अ‍ॅपला सूट द्यायची असेल तर ती करारात लिहा, आणि ते अ‍ॅप बनवणाऱ्याला त्यातून पोट भरू द्या. तुमच्याकडे असा फॉर्म आला तर तुम्हीही भरा, शब्द हेच वापरले तरी माझी हरकत नाही.